आप्पांची बंदूक घरात आहे आणि आप्पा हल्ली ठीक नाहीत, कसं बोलू?

कोरेगावची_लेक:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे आप्पा इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि नंतर बारा बोअर बंदुकीचं लायसन्स काढून तेरा वर्षं एका बँकेच्या कॅश व्हॅनवर गनमन होते. आमच्या भागात हे घरोघरी आहे, पेन्शनवर आला की लायसन्स आणि मग गनमनची नोकरी. मागच्या दिवाळीत ती नोकरी वयामुळे सुटली आणि फेब्रुवारीत आई गेली.

तेव्हापासून आप्पा वेगळेच झालेत. पारावर जात नाहीत, पेपर घडी न मोडता तसाच पडलेला असतो, जेवण म्हणजे दोन घास. भाऊ सीआरपीएफमधे आहे, छत्तीसगडला, मी पुण्यात, म्हणजे घरी ते एकटेच. मी दर शनिवारी जाते. गेल्या शनिवारी त्यांनी त्यांची मेडलं माझ्या मुलाला देऊन टाकली, म्हणाले तुझ्याकडे नीट राहतील, आणि चहा पिताना एकदम म्हणाले, आता माझं इथं काय काम राहिलंय. तेव्हा मी काहीतरी बोलून विषय बदलला, पण येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर गाडी बाजूला घेतली आणि खूप रडले.

बंदूक घरातच आहे, काडतुसंही. भावाला फोन केला तर तो म्हणतो बंदुकीचा विषयच काढू नकोस, फौजी माणसाचं हत्यार काढून घेतलं तर त्यांना वाटेल पोरांचा आपल्यावर विश्वास राहिला नाही, उलट जास्त खचतील. मावशी म्हणते असलं तोंडावर विचारू नये, मनात नसेल तर येईल. शेजारचे काका म्हणतात देवासमोर शपथ घ्यायला लाव. तिघंही प्रेमानेच सांगतायत पण माझं डोकं चालत नाहीये. बंदूक हलवल्याने खरंच काही फरक पडतो का? आणि पडत असेल तर आप्पांशी कोणत्या तोंडाने बोलू?

माणदेशी_सुभेदार:
पोरी, आधी एक कर. शनिवारची वाट बघू नको. आजच निघ, आणि पोहोचेपर्यंत गावातलं कुणीतरी आप्पांजवळ बसायला पाठव, रात्री झोपायलाही. मेडलं देऊन टाकणं आणि ते वाक्य, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी थांबलो नसतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तू स्वतःसाठी पण लावू शकतेस, काय बोलायचं ते विचारायला. एकदमच घाईची वेळ आली तर ११२.

आता हत्याराचं. मी २८ वर्षं पलटणीत काढली. तुझा भाऊ वर्दीतला आहे तरी यात चुकतोय. पीस स्टेशनला जवानाचं हत्यार त्याच्या खाटेखाली नसतं, कोतात असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोत म्हणजे युनिटचं हत्यारांचं कोठार, कुलूप, संतरी, रजिस्टर सगळं. ड्युटीवर जाताना सही करून घ्यायचं, ड्युटी संपली की साफ करायचं, मोजून द्यायचं, सही करून जमा करायचं. आप्पांनी ही सही आयुष्यात हजारो वेळा केली असेल आणि एकदाही त्यांना त्यात अपमान वाटला नसेल, कारण जमा करणं ही शिस्त आहे, शिक्षा नाही. हत्यार काढून घेणं ही शिक्षा. तुझा भाऊ या दोन गोष्टी एकत्र करतोय. म्हणून "आप्पा बंदूक माझ्याकडे द्या" असं म्हणू नको. "आप्पा, ड्युटी संपली, हत्यार जमा करूया" असं म्हण. आणि जमलं तर हे तू बोलण्यापेक्षा त्यांच्या पलटणीतल्या कुणीतरी बोलू दे. लेकीसमोर बाप कमजोर दिसायला तयार नसतो, बडीसमोर, म्हणजे जोडीच्या जवानासमोर, असतो.

एक सांगतो, नाव गाव सांगणार नाही. आमच्या कंपनीतलं एक पोरगं सुट्टीवरून परत आलं ते गप्पच. घरी जमिनीची वाटणी चाललेली, भावकीचं भांडण, बायको माहेरी गेलेली. आमच्या सीएचएमने, म्हणजे कंपनी हवालदार मेजरने, काय केलं, कुणाला कळू न देता त्याचं नाव रात्रीच्या संतरी ड्युटीतून काढलं आणि लंगरवर म्हणजे स्वयंपाकघरात लावलं, जिथं सतत चार माणसं असतात. आणि त्याच्या बडीला सांगितलं की हा जेवला का, झोपला का, मला रोज रोल कॉलनंतर सांगायचं. लेक्चर नाही, कागद नाही. महिनाभराने पोरगं स्वतःच बोललं, की साहेब त्या आठवड्यात माझ्या हातात रायफल असती तर मी आज नसतो. आज तो दोन मुलींचा बाप आहे, डाळिंब लावलंय त्यानं. मला त्या वेळी वाटलं होतं की सीएचएम उगाच लाड करतोय. ते मला आजही टोचतं.

ओहायोची_मानसतज्ज्ञ:
मी मूळची कराडची, इथे अमेरिकेत माजी सैनिकांबरोबर काम करते. सुभेदार साहेब, तुमच्या सीएचएमनी जे केलं तेच आम्ही इथे ट्रेनिंग घेऊन शिकतो.

ताई, आधी मावशींचं. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे, यावर भरपूर संशोधन झालंय आणि उलट विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं असंच दिसतं. आडून आडून नको, साधं विचारा. "आप्पा, जगूच नये असं वाटतं का? स्वतःचा जीव घ्यायचा विचार येतो का?" आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. ती शांतता खूप लांब वाटेल, तरी तुम्ही भरू नका.

मग शपथेचं. आपल्याकडे शपथ घालतात तसं इथे पूर्वी पेशंटकडून लिहून घ्यायचे, की मी स्वतःला काही करणार नाही, खाली सही. कोलोरॅडोमधे फोर्ट कार्सन नावाचा मोठा लष्करी तळ आहे, तिथे क्रेग ब्रायन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९७ सैनिकांवर याची तुलना केली, २०१७ मधे ते छापून आलं. एका गटाकडून असा शब्द घेतला आणि दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाबरोबर बसून एका छोट्या कार्डावर त्याच्याच अक्षरात योजना लिहिली. माझं बिनसायला लागलंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणासाठी जगायचंय, कुणाला फोन करायचा, आणि त्यानेही नाही भागलं तर मदतीचा नंबर कोणता. बस. पुढच्या सहा महिन्यांत कार्डवाल्यांमधे आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण शब्द दिलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी होतं. मला हे नेहमी असं समजतं की शपथ माणसाला काय करू नको ते सांगते, पण त्या काळरात्री काय कर ते सांगत नाही. आणि वर शपथ मोडण्याची लाज असते, म्हणजे ज्याला मदत हवीय तोच लपवायला लागतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बंदूक हलवून फरक पडतो का. पडतो, आणि फौजींच्या बाबतीत तर याचे पुरावे फार स्पष्ट आहेत. इस्रायलमधे सक्तीची सैनिकी सेवा असते, पोरं शुक्रवार शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर न्यायची. २००६ मधे त्यांच्या सैन्याने नियम बदलला, सुट्टीला जाताना रायफल तळावरच ठेवायची. त्याआधी वर्षाला सरासरी २८ सैनिक आत्महत्येने जायचे, नंतर ते साडेसोळावर आलं, म्हणजे ४० टक्क्यांची घट. आणि यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट अशी की घट जवळजवळ सगळी शुक्रवार शनिवारच्या सुट्टीतली होती, आठवड्याच्या इतर दिवसांत फारसा फरक नव्हता. पोरांची दुःखं तीच होती, अधिकारी तेच, घरं तीच. फक्त ज्या दोन दिवसांत रायफल हाताशी असायची त्या दोन दिवसांत ती हाताशी राहिली नाही.

असं का होतं तर हा प्रसंग लाटेसारखा असतो. चढते, डोक्यावरून जाते, उतरते. ऑस्ट्रियात आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून दवाखान्यात आलेल्या लोकांना विचारलं होतं, की त्या वेळी विचार आल्यापासून ते प्रत्यक्ष करेपर्यंत किती वेळ गेला, तर जवळपास निम्म्या लोकांनी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी सांगितलं. दुःख महिनोन्महिने असतं हो, पण जीव जातो तो त्या थोड्या वेळात. तेवढ्या वेळात हत्यार आणि माणूस यांच्यात अंतर असलं पाहिजे, आमचं अर्धं काम ते अंतर तयार करण्याचं आहे.

बाकी उद्या लिहिते, इथे रात्र झालीय. तुम्ही निघालात का तेवढं कळवा.

कोरेगावची_लेक:
निघालेय. बसमधे आहे. चुलत दीर आप्पांकडे जाऊन बसलेत, बैल विकायच्या निमित्ताने. तुम्हा दोघांना काय म्हणू कळत नाही.

पटत_नाही_पण:
मी भांडायला लिहीत नाहीये. माझा सख्खा आतेभाऊ लष्करात होता, तो असाच गेला, बंदुकीने नाही. म्हणून विचारतो. माणसानं मनात पक्कं केलं की तो काहीही करून मार्ग काढतो, मग हे हत्यार जमा करणं वगैरे म्हणजे वरवरचं नाही का? कर्ज, भावकी, एकटेपणा, साहेबाचा जाच, ही खरी कारणं. त्यावर कुणी बोलत नाही आणि सगळे कुलपाच्या मागे. अमेरिकेत बंदुका जास्त आहेत म्हणून तिथे चालत असेल, आपल्याकडे कशाला?

ओहायोची_मानसतज्ज्ञ:
दादा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि कारणांवर काम करायलाच हवं, त्यात दुमत नाही. फक्त "दुसरा मार्ग काढणारच" हे तपासून बघितलं गेलंय. स्वित्झर्लंडमधे सैनिक रायफल घरी ठेवतात, पिढ्यान् पिढ्या. २००३ मधे तिथल्या सैन्याची फेररचना झाली आणि संख्या जवळपास निम्मी झाली, म्हणजे लाखो घरांतून रायफली कमी झाल्या. हे काही आत्महत्या रोखायला केलं नव्हतं, पैसे वाचवायला आणि जुनं सैन्य आटोपशीर करायला केलं होतं. पण नंतर १८ ते ४३ वयाच्या पुरुषांमधलं प्रमाण बघितलं तर आत्महत्या कमी झाल्या होत्या, आणि बंदुकीच्या ज्या कमी झाल्या त्यातल्या साधारण २२ टक्केच दुसऱ्या मार्गाकडे वळल्या असा हिशोब निघाला. बाकीची माणसं जगली. त्याच वयाच्या बायकांमधे असा बदल नव्हता, म्हणजे देशात एकूणच काही सुधारलं म्हणून झालं असंही नाही.

आणि एकदा वाचलेल्या माणसांपैकी बहुतेक जण, दहातले नऊ म्हणा, पुढे आत्महत्येने मरत नाहीत. हे मी स्वतः रोज बघते. वाचलेला माणूस दोन वर्षांनी नातवाचे फोटो दाखवतो. तुमच्या भावाच्या वेळी घरच्यांकडून काही राहून गेलं असं मी मुळीच म्हणत नाहीये, तसं कृपया वाटून घेऊ नका.

अमेरिकेचं म्हणाल तर इथली अडचण वेगळी आहे. इथे सेवेतल्या सैनिकांमधे साधारण तीनातल्या दोन आत्महत्या बंदुकीने होतात आणि त्यातल्या बहुतेक बंदुका सरकारी नसतात, स्वतः विकत घेतलेल्या, घरातल्या. म्हणजे कोत कितीही पक्कं केलं तरी उपयोग नाही. वर २०११ पासून असा कायदा आला की कमांडरने सैनिकाला त्याच्या खासगी बंदुकीबद्दल विचारायचंच नाही. दोन वर्षांनी तो सैल केला, धोका दिसत असेल तर विचारता येतं, पण कित्येक अधिकाऱ्यांना आजही वाटतं की विचारणं गुन्हा आहे. २०२३ मधे संरक्षण खात्याने नेमलेल्या स्वतंत्र समितीने सुचवलं की लष्करी तळावरच्या दुकानातून बंदूक घेतली तर सात दिवस थांबून मग द्यावी, काडतुसांना चार दिवस. बाकीच्या बऱ्याच शिफारशी मान्य झाल्या, पण ही घेतली नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मग उरतं बोलणं. मिसिसिपी राज्यात नॅशनल गार्डच्या, म्हणजे इथल्या राखीव सैन्याच्या, २३२ बंदूकधारी सैनिकांवर मायकेल अनेस्टिस यांच्या गटाने काम केलं. भाषण द्यायचं नाही, बंदूक वाईट म्हणायचं नाही. सैनिकालाच विचारायचं की तुझ्या घरात सगळे सुरक्षित राहावेत म्हणून तुला काय जमेल, कुठली अडचण येते, आणि बोलणं झालं की बंदुकीला लावायचं एक केबलचं कुलूप हातात द्यायचं. सोपं वाटतं, पण त्यातून लोकांनी बंदुका कुलपात ठेवण्याचं प्रमाण खरंच वाढलं. आणि ही माणसं त्या वेळी खचलेली होतीच असं नाही, हे महत्त्वाचं. हेल्मेट आपण पडल्यावर घालत नाही ना.

कुणी बोलावं याचाही इथे अभ्यास झालाय. बंदूक बाळगणाऱ्या लोकांना या विषयावर कुणाचं पटतं असं विचारलं तर पोलिस, सैनिक, माजी सैनिक वर येतात, आणि प्रसिद्ध नट नट्या अगदी खाली. म्हणून सुभेदार साहेब म्हणाले की पलटणीतल्या माणसाला बोलू दे, ते अगदी बरोबर आहे.

वर्दीवाल्याची_बायको:
माझे मिस्टर सीमेवर आहेत, बीएसएफ. वाचताना हात थरथरतायत कारण आमच्याकडे प्रश्न उलटा आहे, हत्यार घरात नाही, ड्युटीवर आहे, आणि मी हजार किलोमीटर लांब. डिसेंबर २०२४ मधे राज्यसभेत गृहखात्याने सांगितलं की पाच वर्षांत केंद्रीय दलांतले ७३० जवान आत्महत्येने गेले, आणि त्यांच्याच टास्क फोर्सचं म्हणणं की ८० टक्क्यांहून जास्त प्रकरणं जवान सुट्टीवरून परत आल्यावरची. हे वाचल्यापासून सुट्टीचा शेवटचा दिवस मला नको वाटतो. आणि हे स्वतः कधी डॉक्टरकडे जाणार नाहीत, म्हणतात शेप या मेडिकल तपासणीत एस, म्हणजे मनाचा भाग, खराब झाला की खालची मेडिकल कॅटेगरी लागते, प्रमोशन अडकतं, पोरं वेडा म्हणतात. मग काय करायचं बायकोनं?

माणदेशी_सुभेदार:
वहिनी, ती भीती खोटी नाही, मी बघितलीय. कॅटेगरी लागलेला जवान मेसमधे वेगळा बसताना बघितलाय. हे बदलायचं काम वरच्यांचं आहे आणि ते त्यांनी केलंच पाहिजे. पण तुम्हाला करता येण्यासारखं पण आहे.

सुट्टीत काय होतं, जवान वर्षभराचे घरचे प्रश्न पंधरा-वीस दिवसांत सोडवायला बघतो. सातबारा, बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, आईबायकोचं बिनसलेलं. त्यातलं एकही पुरं होत नाही आणि गाडीची तारीख येते. मग ते सगळं डोक्यात घेऊन तो दुसऱ्या रात्री एकटा संतरी म्हणून उभा राहतो, लोडेड हत्यार घेऊन, रात्री दोन ते चार. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी बसा दोघं, आणि कागदावर लिहा की यातलं काय मी बघते, काय दीर बघेल, आणि काय पुढच्या सुट्टीपर्यंत राहू दे. राहू दे हे पण लिहायचं. लिहिलं की डोकं हलकं होतं.

दुसरं, त्यांच्या जवळच्या एका बडीचा नंबर तुमच्याकडे असू द्या, आणि त्याच्या बायकोचा पण. साहेबाला फोन केला की कागद होतो, म्हणून लोक घाबरतात. बडीला सांगितलं की भावजी, पोहोचल्यावर पहिले दहा पंधरा दिवस जरा बरोबर राहा, रात्रीची ड्युटी जोडीनं लागते का बघा, तर कोणताही फौजी नाही म्हणणार नाही. पण धोका खरंच दिसला तर मग कॅटेगरी बिटेगरी बघायची नाही, सरळ कंपनी कमांडरला फोन. प्रमोशन पुढच्या वर्षी मिळतं.

आणि आर्मी, नेव्ही, एअरफोर्सवाल्यांसाठी, टेलिमानसचा खास कक्ष पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झालाय, १ डिसेंबर २०२३ पासून. वानवडीतच आहे ते. आपल्या घराजवळ आहे म्हणून तरी पोरांना माहीत असावं.

तालुका_कोर्ट:
मी वकिली करतो, लायसन्सची बरीच कामं येतात. मूळ प्रश्नाला तेवढंच सांगतो. बंदूक दिराकडे किंवा मित्राकडे ठेवायला देऊ नका, त्याच्या नावावर लायसन्स नसेल तर ते बेकायदा आहे, भला माणूस अडकेल. पोलिस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या आर्म डीलरकडे सेफ कस्टडीत जमा करता येते. लायसन्स आणि बंदूक घेऊन स्वतः आप्पांनी जायचं, अर्ज द्यायचा, पावती घ्यायची, नंबर पडताळून बघायचा. निवडणुकीच्या आचारसंहितेत हजारो लोक असंच जमा करतात आणि नंतर परत नेतात, त्यामुळे गावात कुणाला काही वाटत नाही. लायसन्स रद्द होत नाही. अर्जात कारण म्हणून "घरी एकटा राहतो, सांभाळणं शक्य नाही" एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. काडतुसं पण त्याच वेळी द्या.

पोलिसांची भीती वाटणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ कलम आहे, त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, सरकारने त्याची काळजी घ्यायची असते. केस होईल म्हणून दवाखान्यात न नेणारी घरं मी बघितलीत. कृपया न्या.

कोरेगावची_लेक:
पाच दिवसांनी लिहितेय, सॉरी, नेट आणि मन दोन्ही जागेवर नव्हतं.

त्या रात्री मी पोहोचले तेव्हा आप्पा आणि दीर ओसरीवर बैलांच्या किमतीवर खरंच वाद घालत होते. सकाळी मी विचारलं. ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच, जीव घ्यायचा विचार येतो का. ती शांतता खरंच फार लांब होती, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. मग म्हणाले, दोनदा आला. आई गेल्यावर एकदा आणि मागच्या आठवड्यात. आणि म्हणाले, तुला कसं सांगणार पोरी. मी भाऊ आणि त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. भाऊ आधी चिडला मग रडायला लागला, आप्पाच त्याला समजावत बसले.

दुपारी खटावहून त्यांचे पलटणीतले दोस्त आले मोटारसायकलवर, मी सुभेदार काकांचे शब्दच त्यांना फोनवर वाचून दाखवले होते. ते आल्या आल्या म्हणाले, हवालदार, ड्युटी संपली, चल जमा करू. आप्पा दोन मिनिटं गप्प राहिले आणि उठले. काडतुसं आधी या खटावच्या काकांनी ताब्यात घेतली. मग आप्पांनी मला जुनी चिंधी आणि तेल मागितलं, म्हणाले घाण हत्यार जमा करत नाहीत. काका शेजारी बसून राहिले, आप्पांनी ती अर्धा तास पुसली. ठाण्यात पावती मिळाल्यावर त्यांनी लायसन्सवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर दोनदा जुळवून बघितला आणि सही केली.

कार्ड पण लिहिलं, माझ्या मुलाच्या चित्रकलेच्या कागदावर. बिनसायला लागलं की कशावरून कळतं याला त्यांनी लिहिलं, रात्री दोनला जाग येणे, आईची साडी बघणे. काय करायचं, तर गोठ्यात जाऊन म्हशीजवळ बसणे, हरिपाठ लावणे. कुणासाठी, या ओळीत नातवाचं नाव आणि म्हशीचं. मग खटावचे काका, मी, भाऊ, आणि १४४१६. आता खिशात पेन्शनच्या कार्डाबरोबर असतं. मी पंधरा दिवस इथूनच काम करणार आहे, ऑफिसने दिलंय. गुरुवारी ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, नेणार आहे, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील म्हणाले. डॉक्टरांना काय काय सांगायचं कुणी सांगेल का? आणि भाऊ विचारतोय त्याने लांबून काय करायचं.

ओहायोची_मानसतज्ज्ञ:
ताई, वाचताना माझे डोळे भरले.

डॉक्टरांना झोपेचं नक्की सांगा, रात्री दोनची जाग, वजन किती उतरलं, दारू घेतात का आणि किती, आणि "दोनदा विचार आला" हे आप्पांच्या समोरच, त्यांना विचारून सांगा. बंदूक जमा केलीय हेही. सध्या चालू असलेल्या बीपी, शुगरच्या गोळ्यांची पुडी बरोबर न्या. गोळ्या सुरू केल्या तर त्या लागू व्हायला काही आठवडे जातात, तोवर कुणीतरी घरात हवं, आणि गोळ्यांचा साठा तुमच्याकडे राहू द्या, थोड्या थोड्या द्या.

भावासाठी. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी दवाखान्यातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या लोकांना नुसती छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आली, बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, एवढंच. काही मागणं नाही, गोळी घेतली का नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमधे आत्महत्या कमी होत्या. तुमच्या भावाला म्हणावं रोज फोन जमत नसेल तर दोन ओळींचा मेसेज टाक, कॅम्पमधल्या कुत्र्याचा फोटो टाक, उत्तराची अपेक्षा ठेवू नको. आणि त्याला हेही विचारा की तो स्वतः कसा आहे.

माणदेशी_सुभेदार:
पोरी, खटावच्या दोस्ताचा नंबर मला मेसेज कर. आमच्या माजी सैनिकांची दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहिवडीत बैठक असते, चहा आणि गप्पा, बाकी काही नाही. त्याला सांगतो, येताना आप्पांना मागं बसवून आण. पहिल्या वेळी बोलले नाहीत तरी चालेल.